मागच्या सीटवरचे मामा

सिग्नल लाल झाला की माझ्या उजव्या काखेखालून एक लांब, सुरकुतलेला हात पुढे यायचा, मोटारसायकलची चावी फिरवायचा आणि आला तसा मागे जायचा. इंजिन बंद. विचारणं नाही, सांगणं नाही. सुरुवातीला मी दचकायचो. मग चिडायला लागलो. पुढे पुढे चिडायचाही कंटाळा आला. हा हात माझ्या सासऱ्यांचा. त्यांना मी मामा म्हणायचो. ते मला जावईबापू म्हणायचे, आणि त्या शब्दात मान किती आणि टोमणा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी वाशीमकडचा, तालुक्याच्या गावातला. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. हिंजवडीत नोकरी लागली, तिथेच मीनल भेटली. मामा तिचे वडील. जन्म बुधवार पेठेतला, नोकरी एका सहकारी बँकेत रोखपालाची, बोलणं मोजकं आणि तिरकं. मुलगी मागायला मी एकटाच गेलो होतो. शेती किती, पगार किती, घरात कोण कोण, यांची उत्तरं मी पाठ करून नेली होती. मामांनी त्यातलं काहीच विचारलं नाही.

"गाडी चालवता येते?"

"येते."

"क्लचवर बोटं ठेवून चालवता, की सोडून?"

मी गोंधळून "सोडून" म्हणालो. "मग हरकत नाही," असं म्हणून ते आत चहा सांगायला गेले. परक्या मुलखातल्या, ओळखीपाळखीच्या नसलेल्या मुलाला त्यांनी एवढ्यावर घरात घेतलं. ते उपकार मी विसरलेलो नाही. म्हणूनच तर पुढची कितीतरी वर्षं मी तोंड मिटून गाडी चालवली.

मामी गेल्यावर मामा हडपसरला आमच्याकडे राहायला आले. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि मीनलने त्यांना गाडी चालवायला साफ मनाई केली होती. त्यांनी माझ्या हातात चावी ठेवली. "आजपासून गाडी तुमची," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते मागे बसायला लागले. बुधवार पेठेत त्यांच्या मित्राचं विजेच्या सामानाचं दुकान होतं, तिथे ते दिवसभर हिशेब बघत. सकाळी त्यांना तिथे सोडून मी हिंजवडी गाठायचो, संध्याकाळी परत उचलायचो. दिलेल्या गाडीवर देणाराच रोज बसलेला असला की ती कितपत आपली असते, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच माहीत.

गाडी जुनी, साधी, वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनाची. मामांचा सगळा अभ्यास या एका गोष्टीवर उभा होता. "हिला पंखा नाही, पाणी नाही. पळेल तेव्हा वारा लागेल. उभ्या उभ्या तापवलीत तर ती कुणाला सांगणार?" हे मला पटत होतं. पण पुण्याच्या रस्त्यावर ते पाळायचं म्हणजे हडपसरपासून लक्ष्मी रोडपर्यंत मी किती किका मारायच्या? बटणाने गाडी सुरू व्हायची, पण ते बटण दाबायची परवानगी नव्हती. का, तर बॅटरी कष्टी होते. माझ्या पायाचं कुणी काही विचारत नव्हतं. सिग्नल हिरवा व्हायचा, माझी किक चुकायची, मागून हॉर्नचा कल्लोळ उठायचा. मी कानकोंडा होऊन पुन्हा किक मारत असताना मामा मागे वळून शांतपणे म्हणायचे, "वाजवा अजून. दिवा जरा बहिरा आहे, मोठ्यांदा वाजवा."

सिग्नलला सगळ्यांच्या पुढे जाऊन उभं राहणं हा पुण्यातल्या दुचाकीवाल्याचा जन्मसिद्ध हक्क. मामांना तो मान्य नव्हता. त्यांना सावली लागायची. सिग्नलच्या खूप अलीकडे एखादं झाड असेल, मेट्रोचा खांब असेल, तर तिथेच थांबायचं. आमच्यापुढच्या मोकळ्या जागेत बघता बघता वीसेक गाड्या घुसायच्या आणि हिरव्याचा पुन्हा लाल व्हायचा. मी उन्हात पुढे सरकलो की पाठीत बोट टोचायचं. बसच्या मागे तर उभंच राहायचं नाही. "तिचा सुस्कारा आपल्या इंजिनाने का गिळायचा?" आणि क्लच जरा अर्धवट धरून गाडी रेटली, की ठरलेलं वाक्य यायचं, "अर्धा क्लच म्हणजे अर्धी माया, जावईबापू. धरा तरी, नाहीतर सोडा तरी."

फारच मोठी कोंडी झाली तर ते खाली उतरायचे. काखेतलं वर्तमानपत्र काढायचे, त्याची घडी घालायचे आणि भर रस्त्यात उकिडवे बसून इंजिनाला वारा घालायचे. अगदी देवाला चवरी ढाळावी तसा. रिक्षावाले मान बाहेर काढून बघायचे. एकदा कॉलेजमधल्या एका मुलाने मोबाइल धरला तेव्हा मामा त्याला म्हणाले, "काढा, काढा. पण तुमची गाडी बंद करून काढा." माझ्या ऑफिसातल्या एकाने मला असं पाहिलं होतं. नंतर कित्येक दिवस जेवणाच्या सुट्टीत तो मला कागदाने वारा घालत असे.

मी आमच्या मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, "सर, लांबच्या सिग्नलला बंद करा, चांगलंच आहे. पण हे दर मिनिटाला बंद-चालू केलं तर किकच हातात येईल." मी मोठ्या आनंदाने हे घरी येऊन सांगितलं. मामांनी चष्मा पुसला. "तो बिघडलेल्या गाड्या बघतो. मी न बिघडलेली बघतो. आमचा अनुभव वेगळा." मीनलकडे तक्रार केली तर ती म्हणायची, "मी बावीस वर्षं मागे बसले त्यांच्या. तुझं काय घेऊन बसलास?"

मग तो एप्रिल आला. संध्याकाळची वेळ, पुलगेटच्या अलीकडे रस्ता तुंबलेला, पुढे काहीतरी खोदकाम. गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. थांबलो तर मागचे खवळायचे आणि चाललो तर गोगलगाय पुढे गेली असती. अशा वेळी चावी फिरवायलाही मामांना सवड मिळत नव्हती, त्यामुळे ते अस्वस्थ होते. इतक्यात जळका वास आला. रबर जळाल्यासारखा.

"क्लच जाळलात!" मामा ओरडले. "बंद करा. बाजूला घ्या."

मी गाडी कडेला घेतली. मामा उतरले, वर्तमानपत्र काढून वारा घालायला बसले आणि मला ऐकवत राहिले, "सांगून सांगून दमलो. अर्धा क्लच, अर्धा क्लच. भोगा आता." मी घामाने निथळत होतो आणि मनात येईल ते मनातल्या मनात बोलत होतो. शेजारी एक बाई स्कूटरवर अडकलेल्या होत्या. त्या जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो काका, इंजिनाचं राहू द्या. तुमची चप्पल बघा आधी."

मामांच्या उजव्या चपलेची टाच वितळून लोंबत होती. सायलेन्सरवर काळा, चिकट थर बसला होता. सायलेन्सरचं वरचं जाळीदार झाकण कधीचं पडलं होतं आणि पाय घसरून उघड्या नळीवरच टेकला होता. मी त्यांना पाय वर उचलायला लावला. टाचेच्या आतल्या अंगाला रुपयाएवढी कातडी पांढरी पडून सुटली होती.

मामा त्याकडे दुसऱ्याचा पाय बघावा तसे बघत होते. "हे कधी झालं?" मग चेहरा उजळला. "बघितलंत? हूं की चूं केलं नाही. आमची हाडं जुनी आहेत." आणि मला म्हणाले, "चला, इंजिन निवलं. मारा किक."

मामांना साखर होती. गोळी नियमाने घेत, चहाही बिनसाखरेचा, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. दुसऱ्या दिवशी त्यांना जबरदस्तीने डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी मामांना छताकडे बघायला सांगितलं, एक टोकदार काडी घेतली आणि तळव्याला, अंगठ्याला, टाचेला टोचत गेल्या. मी बाजूला उभा होतो. मामा छताकडे बघत होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "टोचा की. मुहूर्त बघताय का?"

डॉक्टरांनी काडी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. आमच्या गावात माझे आजोबा अशाच एका जखमेने गेले होते. आधी बोट काढलं, मग पाऊल, मग गुडघ्यापासून पाय. डॉक्टर बोलत होत्या ते मला अर्धंच ऐकू येत होतं. पायाची जाणीव गेली आहे, टाचेची जखम वाईट, पाय जमिनीला टेकवायचा नाही, रोज धुऊन पट्टी बदलायची. हयगय झाली तर पाऊल वाचेल याची खात्री नाही.

मामांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी, मी अंघोळीला गेलेलो असताना, रिक्षा करून बुधवार पेठेत दुकानावर गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा. पट्टीवर मोजा चढवून गच्चीत झाडांना पाणी घालून आले. विचारलं तर, "दुखत नाही हो. दुखलं असतं तर बसलो नसतो का?" जखमेच्या कडा काळ्या पडायला लागल्या. डॉक्टर या वेळी मामांशी बोलल्याच नाहीत. माझ्याशी बोलल्या आणि 'काढावा लागेल' हे शब्द पहिल्यांदा वापरले.

त्या संध्याकाळी मी घरी आलो तर मामा दाराबाहेर उभे. पायात चपला, काखेत वर्तमानपत्र.

"दगडूशेठला जाऊन येतो. संकष्टी आहे."

माझा तोल सुटला. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांच्यावर आवाज चढवला, आणि तोही जिन्यात, शेजारी ऐकतील असा. "मामा, रोज दर सिग्नलला गाडी बंद करता! कशासाठी? तिला विसावा मिळावा म्हणून ना? मग तुम्हाला चार दिवस एका जागी बसता येत नाही?"

मामा दचकले, पण लगेच सावरले. "त्या गाडीचे पार्ट आता बाजारात मिळत नाहीत. म्हणून जपतो."

"पायाचे मिळतात?"

त्यांनी चपला काढल्या आणि भिंतीला धरून, एका पायावर लंगडत, आत जाऊन बसले.

खरी लढाई त्यापुढे होती. मीनलला जखम बघवत नव्हती, तिला भोवळ यायची. पट्टी मीच बदलणार हे ठरलं. मी पाण्याचं घमेलं घेऊन खाली बसलो तर मामांनी पाय वर ओढून घेतला.

"हे चालणार नाही. मांडवात मी तुमचे पाय धुतलेत, जावईबापू. तुमच्या मामीने पाणी घातलं, मी धुतले. आता तुम्ही माझे धुणार? उलटी गंगा!"

"मामा, मला उशीर होतोय."

"मीनलला बोलवा."

"ती पडेल."

"मग नर्स लावा."

"लावली होती. तिला तुम्ही 'तुमचे हात की धुणं बडवायची मोगरी' म्हणालात. ती परत आली नाही."

शेवटी त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि पाय सैल सोडला. त्यानंतर रोज सकाळी हेच. चेहरा भिंतीकडे, पाय माझ्या मांडीवर. कधी म्हणायचे, "पट्टी घट्ट झाली." मी म्हणायचो, "तुम्हाला कसं कळलं?" त्यावर भिंतीकडूनच एक हुंकार यायचा. एकदा म्हणाले, "तुमच्या वडिलांचे पाय चेपायचात का हो तुम्ही?" मी म्हणालो, "ते चेपू द्यायचे नाहीत." "शहाणे दिसतात," मामा म्हणाले, आणि खूप वेळाने, "एकदा बोलवून घ्या त्यांना इकडे. आंबे खायला."

माझे वडील आले. मामांना त्यांची वऱ्हाडी निम्मीच कळायची, वडिलांना मामांचा टोमणा कळायचाच नाही. दोघांचं उत्तम जमलं. सबंध पावसाळा मामा घरात बसून राहिले, आणि त्या काळात घरातल्या कुकरपासून पंख्यापर्यंत प्रत्येक वस्तू कशी चुकीची वापरली जाते, हे त्यांनी आम्हाला सांगितलं. मी रोज वैतागलो. दसऱ्याच्या सुमाराला डॉक्टरांनी पट्टी काढली ती पुन्हा बांधली नाही. टाचेला नवी, गुलाबी कातडी आली होती. पाय वाचला.

मामा त्यानंतर दीड वर्षाने गेले. जेवून उठले, छातीत काहीतरी होतंय म्हणाले, आणि हॉस्पिटलपर्यंतही पोहोचले नाहीत. त्या पायाचा त्यात काही दोष नव्हता.

नेण्यापूर्वी त्यांना अंघोळ घालायची होती. अग्नी त्यांचा पुतण्या देणार होता. त्याने खांद्यापासून पाणी घातलं. बाहेर तापवलेल्या पाण्याची बादली माझ्यासमोर ठेवून कुणीतरी म्हणालं, "जावईबापू, पायांवर तुम्ही घाला." मी तांब्या भरला आणि थांबलो. त्या पावसाळ्यात पाणी किती कढत आहे हे मामांना कळायचं नाही, म्हणून पायावर घालण्याआधी मी ते रोज माझ्या मनगटावर बघत असे. आताही मनगटावर धार धरली. चटका बसला.

"अहो, आता कशाला बघताय?" पुतण्या हळूच म्हणाला. "गुरुजी खोळंबलेत."

"जरा थांबा," मी म्हणालो, आणि आतून गार पाण्याची कळशी आणायला सांगितली.