भिंतीवरची टकटक
शेजारचे चाचा वारले, त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर आज त्यांचं चिखलीतलं, आमच्या भिंतीला लागून असलेलं वर्कशॉप उघडलं आणि घासलेल्या लोखंडाचा जळका वास घरात आला. कंपनीतल्या स्फोटात वडील गेले, तेव्हा मी त्यांचा डबा घेऊन गेटवर उभी होते. पुढे कितीतरी वर्षं मोठा आवाज झाला की मी कॉटखाली शिरायचे. म्हणून चाचा ग्राइंडर लावण्याआधी भिंतीवर तीनदा टकटक करायचे. मी नववीत असताना त्यांनी मला बोलावलं. "बेटा, आज बटण तूच दाब. नको वाटलं की बंद कर." मी दाबलं, किंचाळले, पण पळाले नाही. "मशिनपेक्षा तुझाच आवाज मोठा की गं!" म्हणत ते हसले. आज त्यांच्या मुलानं टकटक न करताच ग्राइंडर लावला. मी कान झाकले नाहीत. भिंतीला हात लावून उभी राहिले.