झरोक्यातली गोण

त्या दुपारी सासऱ्यांचा जीव माझ्या हातून जायचा होता, आणि मी मेली फ्रेंच सिनेमा बघत बसले होते.

नागावला आमचं होमस्टे आहे. न्हाणीच्या झरोक्यातून वाडीतली वटवाघळं आत यायची आणि पाहुण्या बायका घर डोक्यावर घ्यायच्या. म्हणून आदल्या दिवशी मी झरोक्यात सिमेंटची रिकामी गोण कोंबली. न्हाणीत गॅसचा गिझर. वाडीचं शिंपणं आटोपलं की सासरे दार लावून तासभर कढत पाण्यानं अंघोळ करायचे. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना गोण दिसली नसणार. त्या दिवशी नवरा कोर्टाच्या कामाला अलिबागला गेलेला.

एक पाहुणा पेनड्राइव्ह विसरून गेला होता, तो मी टीव्हीला लावला. काळापांढरा सिनेमा, खाली इंग्रजी अक्षरं. सगळा मामला गरिबीचा! एकच खोली पडदे बदलून तीन घरं म्हणून दाखवलेली. मला हसू येत होतं. पण समुद्राकाठच्या एका लॉजमध्ये एकेक भाडेकरू मरायला लागला, तसं हसू आटलं. रक्त नाही, आरडाओरडा नाही. माणूस अंघोळीला जायचा आणि पाण्याचा आवाज चालूच राहायचा. बराच वेळ नुसतं बंद दार दाखवायचे.

शेवटी फौजदार त्या न्हाणीत शिरला. त्यानं पाणी तापवायच्या शेगडीकडे बघितलं, मग खिडकीच्या फटींवर चिकटवलेल्या कागदाकडे. मालकिणीनं तो थंडी लागू नये म्हणून चिकटवला होता, आणि शेगडीचा विषारी वायू आतच कोंडत होता. काय बावळट बाई, असं मी म्हणतेय तोच मला झरोक्यातली गोण आठवली. टीव्ही बंद केला. आमच्या न्हाणीतही पाण्याचा आवाज चालूच होता.

दार बडवलं, बाबा, बाबा म्हणून हाका मारल्या. ओ नाही. मागून शिडी लावून गोण उपसली, बाहेरच्या सिलिंडरचा गॅस बंद केला, पहारीनं कडी उचकटली. सासरे पाटावरून कलंडलेले, डोळे अर्धे उघडे. ओढत ओटीवर आणलं. ते ओकले तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. पण शेजारी धावत यायच्या आत मी ती गोण नारळाच्या सोडणांखाली दडपली. सगळ्यांनी गिझरला शिव्या घातल्या. मीही घातल्या.

आता घरी कुणीही आलं की सासरे मला पुढे बोलावतात. माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगतात, "हिच्यामुळं मी हाय."

त्या हाताखाली मला उभं राहवत नाही. आणि खरं सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.