ऑर्लो स्वतः कोर्टात गेला

ऑर्लो बेकमन माझ्या बहिणीचा, नेडीनचा नवरा. नेडीन गेल्यापासून तो रोज सकाळी माझ्या कॅफेत यायचा आणि खिडकीजवळच्या मोठ्या टेबलावर बसायचा. ते टेबल कुस्तीवाल्यांचं. आमच्या आल्डर फोर्डला हिवाळ्यात दुसरं असतं काय? शेतं बर्फाखाली, आणि शनिवारी कॉलेजच्या हॉलमध्ये कुस्त्या. ऑर्लो तरुणपणी स्वतः खेळलेला. दोन्ही कान चुरगळून गाठीसारखे घट्ट झालेले. पुढे धान्याच्या कोठारावर त्याची उभी हयात गेली, पण कुणी विचारलं तर आधी कुस्तीचं सांगायचा.

त्यांना मूलबाळ नव्हतं. नेडीन दर रविवारी कॉलेजच्या दोन-तीन पैलवानांना जेवायला बोलवायची. कुस्करलेला बटाटा, त्यावर घरी केलेल्या नूडल्स आणि शिजवलेलं बीफ. वजन सांभाळायचं असतं हे विसरून पोरं जेवायची. त्यातलाच एक कोल्टन ड्रीस. नंतर तो आमचा सगळ्यात मोठा पैलवान झाला, पण रविवारचं जेवण त्यानं सोडलं नाही. नेडीनची शवपेटी ज्यांनी उचलली त्यांत तो होता. आदल्या रात्री बर्फ पडलेलं, वाट निसरडी, आणि हा पोरगा डोळ्यांतलं पाणी न पुसता पावलं टाकत होता. ते ऑर्लो कधी विसरला नाही.

त्याच्या पुढच्या नोव्हेंबरात पिझ्झाच्या दुकानामागे मारामारी झाली. इसायस मोरालेस म्हणून एक मुलगा तिथे पिझ्झे पोचवायचा. आई मांसाच्या कारखान्यात कामाला. त्याचा जबडा मोडला. पोलिसांनी कोल्टनवर आणि त्याच्या संघातल्या दोन साथीदारांवर गुन्हा दाखल केला, आणि आमच्या गावच्या ‘हेरल्ड’नं ते पहिल्या पानावर छापलं. बातमी टेसा वॉन नावाच्या मुलीची होती.

“फोटो बघा कसला शोधून काढलाय,” गॅलन म्हणाला. गॅलन ट्रॅक्टर विकतो. टेबलावर शेवटचा शब्द त्याचाच. “दरोडेखोर वाटतोय पोरगा.”

“ती कुठून शिकून आलीये माहितीये ना?” दुसरा म्हणाला. “आपल्याविरुद्ध उतरणाऱ्या त्या पलीकडच्या कॉलेजातून. मोसम सुरू व्हायला आणि हिला बातमी सुचायला एकच गाठ.”

“पोरं भांडतातच. आपण काय जपमाळ ओढत होतो?”

ऑर्लो उठून काउंटरपाशी आला. माझ्या काउंटरवरचा फोन ओढून त्यानं पेपरच्या ऑफिसला लावला, माझ्या घरी येणारा पेपर बंद करा म्हणून सांगितलं, आणि मग त्या टेसासाठी असा काही निरोप ठेवला की मी रेडिओचा आवाज वाढवला. टेबलानं त्याच्या पाठीवर थापा मारल्या.

त्या हिवाळ्यात हॉलमध्ये कुस्ती सुरू व्हायच्या आधी सगळे प्रेक्षक पत्रकारांच्या बाकांकडे तोंड करून हुर्यो करायचे. म्हाताऱ्या बायकासुद्धा. हेरल्डनं लिहिलं की दुकानाच्या कॅमेऱ्यात सगळं दिसतंय. टेबल म्हणालं, कापून-जोडून काहीही दाखवता येतं. हेरल्डनं लिहिलं की मुलानं हात उगारला नव्हता. टेबल म्हणालं, ती काय तिथे उभी होती?

फेब्रुवारीत सुनावणी लागली. “मी जाऊन बसतो,” ऑर्लो म्हणाला. “स्वतःच्या कानांनी ऐकतो आणि खरं काय ते तुम्हाला येऊन सांगतो.”

“आपला माणूस तिथे पाहिजेच,” गॅलन म्हणाला. ऑर्लोच्या त्या दिवशीच्या अंड्यांचे पैसेसुद्धा त्यानंच दिले.

ऑर्लोकडे बऱ्यापैकी जॅकेट एकच होतं, कॉलेजच्या कुस्ती संघाचं, पाठीवर मोठ्या अक्षरात संघाचं नाव असलेलं. तेच घालून तो गेला. एका बाकावर एक बुटकी बाई एकटीच बसली होती, तिच्या शेजारी टेकला. तिनं पाठीवरची अक्षरं वाचली, पर्स उचलली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. ती इसायसची आई, लुर्देस. हे त्याला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी तो पातळ कोट घालून कुडकुडत गेला. ती तरीही लांबच बसली.

मधल्या सुट्टीत पायऱ्यांवर टेसा वॉन त्याच्याशी बोलली.

“तुमचा आवाज ओळखला मी. आता दरवाज्यात ‘माफ करा’ म्हणालात ना, त्यावरून. फोनवर मात्र वेगळंच काही म्हणाला होतात.”

“हो. म्हणालो होतो.”

“आता तोंडावर सांगायला आलात?”

“अजून ठरवलं नाही,” ऑर्लो म्हणाला. तिला हसू आलं. तो हसला नाही.

जेवणानंतर कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवलं. पूर्ण, न कापता. नंतर तो माझ्याकडे आला तेव्हा कॅफे बंद व्हायला आलं होतं. त्यानं कोट काढला नाही.

“पोरगा पडला होता, वर्ला. हात पुढे करून नको-नको म्हणत होता. कोल्टननं वाकून त्याला कमरेला धरलं, परत उचललं आणि आपटलं. उचलताना पाय किती नीट रोवले होते त्यानं. शिकवल्यासारखे.” तो काउंटरच्या कडेला टेकला. “हात पुढे करून तो विनवत होता, ते पेपरनं लिहिलंच नव्हतं. पेपरनं कमीच लिहिलं होतं.”

दुसऱ्या दिवशी त्यानं टेबलाला तेच सांगितलं, आवाज न चढवता.

“वकील काय दाखवायचं ते निवडून दाखवतात,” एक जण म्हणाला.

“पूर्ण होतं. मी पाहिलं.”

“पायऱ्यांवर तू तिच्याशी गप्पा मारत होतास म्हणे,” गॅलन म्हणाला. “माझ्या मेव्हण्यानं बघितलं.”

“मी सांगतोय काय, तू बोलतोयस काय. गॅलन, मी डोळ्यांनी पाहिलंय.”

“असेल. पण तुझ्याच टेबलावर जेवलेल्या पोराविरुद्ध बोलायची हौस कसली एवढी?”

ऑर्लोनं कप खाली ठेवला. त्यानंतरही त्याला वाईट कोणी वागवलं नाही, हे मी सांगितलंच पाहिजे. त्याची खुर्ची होती, नमस्कार-चमत्कार होते. फक्त तो आला की बोलणं हवामानावर जायचं. बियाण्यांवर, कुणाच्या तरी गुडघ्यावर. कुस्तीचं नाव निघायचं नाही. वसंत येईपर्यंत तो काउंटरपाशी, माझ्यासमोर बसायला लागला होता. पाठ टेबलाकडे.

एका रविवारी मी त्याच्याकडे डबा घेऊन गेले होते. दारावर टकटक झाली. कोल्टन. मी स्वयंपाकघरातच थांबले.

“तुम्ही कोर्टात का आलात?” पोरगा म्हणाला.

“बघायला.”

“तुम्ही गॅलनना काय सांगितलंत ते कळलं मला.”

“मग तुला माहितीच आहे.”

“मी प्यायलो होतो.”

“हो. तू त्याला परत उचललंस, कोल्टन. तो खाली होता.”

पोरगा उंबऱ्यावर उभा राहिला. त्याला रडायचं होतं की हाणायचं होतं, मला कळलं नाही. ऑर्लो म्हणाला, “आत ये. जेवण आहे.” तो आला नाही. ऑर्लोनं दार लगेच लावलं नाही. घरात थंडी भरेपर्यंत तो तिथेच उभा होता.

शेवटी तडजोड झाली. कोल्टननं किरकोळ मारहाणीचा गुन्हा कबूल केला, तुरुंग टळला, तेवढ्या मोसमापुरता तो बाहेर बसला. टेबल म्हणालं, बघा, काहीच नव्हतं त्यात. टेसा वॉन उन्हाळ्यात नोकरी सोडून दुसरीकडे गेली. निकालाच्या दिवशी ऑर्लो लुर्देसजवळ गेला होता. “मला वाईट वाटतं,” एवढंच म्हणाला. तिनं विचारलं, “तुम्ही त्या कोल्टनचे कोण?” तो कोटाची बटणं लावत राहिला. ती लिफ्टकडे गेली.

पुढच्या हिवाळ्यात कोल्टन परत मॅटवर आला. अख्खा हॉल उभा राहिला. ऑर्लो आणि त्याच्यामुळे मी, आम्ही दोघं बसून. पुढच्यांच्या पाठींमुळे आम्हाला काही दिसत नव्हतं. मग लोक बसले आणि कुस्ती झाली. कोल्टननं पहिल्याच झटापटीत समोरच्याला कमरेला धरून, पाय रोवून असा काही खाली घेतला की ऑर्लोच्या तोंडून “वा” निघून गेलं. मग तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. सामना संपायच्या आधी आम्ही निघालो. गाडीत म्हणाला, “चांगला डाव होता. तेच तर.”

त्यानंतर तो त्या हॉलमध्ये गेला नाही. आता तो शनिवारी गाडी काढून लांबलांबच्या गावांत शाळकरी मुलामुलींच्या कुस्त्या बघायला जातो. एकदा मला घेऊन गेला. गार पडलेला हॉल, मक्याच्या लाह्यांचा वास, बाकांवर नुसते आई-बाप. शेजारच्या माणसानं विचारलं, “तुमचा यातला कुठला?”

“कुठलाच नाही.”

माणसानं त्याच्या कानांकडे बघितलं आणि ओळखल्यासारखी मान डोलावली. मग त्या माणसाची मुलगी मॅटवर आली तसा तो तिच्या नावानं ओरडायला लागला. ऑर्लो गुडघ्यांवर कोपरं टेकून बघत बसला. परतीच्या वाटेवर त्यानं गाडीतला हीटर वाढवला. दोन्ही बाजूंना कापून झालेली मक्याची शेतं होती, आणि अंधार लवकर पडला.