ताई हसली की घरात मिरची जळते

या ग्रुपवर मी आलो तोच मुळी तुमची टिंगल करायला. हडळ, चकवा, पिंपळावरचा मुंजा... प्रत्येक अनुभवाखाली "ॲसिडिटीची गोळी घ्या" असं लिहिणारा आगाऊ माणूस म्हणजे मीच. काहींनी मला ब्लॉक केलंय, त्यांना हे दिसणार नाही — सुटले बिचारे. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर आजही नाही. पण झालं ते झालं. भरदुपारी झालं, बाहेर लख्ख ऊन होतं, आणि घरात माझ्यासकट चार माणसं होती. तेव्हा अंधार, वारा, कुत्र्याचं रडणं वगैरे माल इथे मिळणार नाही. हवा असेल त्यांनी दुसरी पोस्ट बघावी.

मी राहतो कर्जतला, भिसेगावात. नोकरी साजगावला, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये. मूळ घर खालापूर तालुक्यात — गावाचं नाव सांगत नाही, नाहीतर तुमच्यातले निम्मे रविवारी कॅमेरे घेऊन हजर व्हाल. घर साधंच. पुढे ओटी, मधलं घर, मागे पडवी, वर पत्रा. तिथे माझी मोठी बहीण सुलभा — माझी ताई — आणि आमचे वडील, अण्णा, असे दोघंच राहायचे. अण्णांना अर्धांगवायू झालाय. उजवी बाजू गेली, जीभ मात्र शाबूत राहिली. देवही कुठे हात राखेल सांगता येत नाही!

या अण्णांबद्दल आधी सांगायला हवं. लहानपणी अण्णा आम्हाला मारायचे नाहीत. मारण्याने म्हणे पोरं निर्ढावतात. त्यांची शिक्षा वेगळी होती. आईने चुलीतले निखारे घमेल्यात काढून द्यायचे, अण्णा त्यावर दोन सुक्या मिरच्या टाकायचे, आमचं डोकं त्यावर धरायचे आणि वरून घोंगडी. धुरी म्हणायचे त्याला. ज्यांनी घेतली नाही त्यांना सांगून कळणार नाही, आणि ज्यांनी घेतलीय त्यांना मी का सांगू?

नियम दोन. मी रडलो की धुरी. ताई हसली की धुरी.

"बाप्याची जात नि रडतो?" हे मला.

"पोरीची जात नि दात काढती?" हे तिला.

म्हणजे मी पडलो, गुडघा फुटला, तर बाहेर जाऊन ओठ चावत हसायचं. आणि ते बघून ताईला हसू आलं तर तिने तोंडात पदर कोंबायचा. परकर-पोलक्याच्या वयात पदर कुठून आणणार? ओढणी, टॉवेल, माझा शर्ट, जे हाताला लागेल ते कोंबायची.

परिणाम व्हायचा तो झाला. मी जोकर झालो. मयतालासुद्धा मी विनोद करतो, त्यामुळे मला हल्ली मयताला बोलवत नाहीत. आणि ताईने हसायचंच सोडलं. विसाव्या वर्षी तिचं लग्न झालं, दोन वर्षांत नवऱ्याने आणून ओटीवर बसवली. म्हणाला, "बोलत नाय, हसत नाय. बायको दिलीत का धोंडा?" त्यावर अण्णा ताठ बसून म्हणाले, "आमच्या घरात पोरींना खिदळायची सवय नाय." अभिमानाने म्हणाले हो! जावई चहा न घेता गेला. पुढे आई गेली, मग अण्णा अंथरुणाला खिळले, आणि त्यांचं सगळं ताईच्या गळ्यात आलं. मुलगा म्हणून मी काय केलं? दर रविवारी पळसदरीवरून बाईक हाणत जायचो आणि केळी द्यायचो.

चाळिशीत माझी छाती धडधडायला लागली. घाम, बोटं बधिर, आता मेलोच असं वाटायचं. ईसीजी नॉर्मल. परत काढला, परत नॉर्मल. एकदा खोपोलीजवळ पेट्रोल पंपावर मी बाईक स्टँडला लावून सरळ जमिनीवर आडवा झालो. लोकांना वाटलं फिट आली, कुणीतरी नाकाला चप्पल लावली. माझीच होती. मी ताबडतोब बरा झालो.

शेवटी बायकोने, रेश्माने, मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, हा हृदयाचा नाही, घाबरण्याचा आजार आहे. लहानपण कसं गेलं? मी त्यांना दोन विनोद सांगितले. त्या हसल्या नाहीत. मी तिसरा सांगितला. वेळ संपली.

त्याच सुमाराला शेजारच्या शेवंताकाकीचा फोन आला. "संज्या, बहिनीकडं बघ रं. अण्णांचं समदं करती, पन सोता जेवत नाय, केसाला फणी लावत नाय. काल म्हनत व्हती, विहिरीचं पानी यंदा लय वर आलंय. मला ते बोलनं बरं नाय वाटलं."

मी ताईला उचलून त्याच बाईंकडे नेलं. डिप्रेशन, त्या म्हणाल्या. लहानपणाचा तोच प्रश्न. ताई खाली बघत म्हणाली, "धुरी द्यायचे." मी अख्खी अपॉइंटमेंट उधळून जे लपवलं होतं, ते तिने दोन शब्दांत टेबलावर ठेवलं. गोळ्या सुरू झाल्या. बाहेर आल्यावर बाईंनी मला थांबवलं. "तिला त्या घरातून, त्या सेवेतून बाहेर काढता येईल का बघा. नुसत्या गोळ्यांवर ढकलू नका."

मी ताईला विचारलं. ती म्हणाली, "मग अण्णांना कोन बघनार? तू?"

मी विषय बदलला. आणि मनाशी ठरवलं की आपल्याला जमतं ते करू. हिला हसवू. फुकट होतं ना!

पहिल्यांदा घडलं ते असं. रविवारी आम्ही तिघं गेलो होतो, मी, रेश्मा आणि आमची मनू. मनू पाचवीत आहे. ती माझी नक्कल करत होती, बाबा बाईक लावतात, चावी शोधतात, चावी बाईकलाच असते. ताई तांदूळ निवडत होती. मी बघितलं, तिच्या ओठाचा कोपरा जरासा हलला.

आणि सगळ्यांना ठसका लागला. सगळ्यांना! मनू डोळे चोळायला लागली, रेश्मा शिंकली, आतून अण्णांचा खोकला सुरू झाला. जळकी मिरची. तो वास मी कुठेही ओळखेन. रेश्माने धावत जाऊन गॅस बघितला, बंद. चूल तर आई गेली तेव्हाच मोडली होती. आम्ही ओटीवर आलो, तिथे स्वच्छ हवा. एक पाऊल आत, की घसा धरतोय. तोवर ताईने ओठ मिटले होते, आणि वास गेला. विरला नाही बरं का, गेला. दिवा घालवावा तसा.

मी म्हटलं, शेजारी फोडणी दिली असेल. कुंपणापलीकडून शेवंताकाकी म्हणाली, "कसली फोडनी? माजा गॅस सकालधरनं संपलाय."

तर तुमच्यावर "वैज्ञानिक दृष्टिकोन ठेवा" म्हणून गुरगुरणाऱ्या या माणसाने काय केलं? घरातली प्रत्येक मिरची जप्त केली. लाल तिखट, सुक्या मिरच्या, मसाल्याचा डबा, लोणच्याची बरणीसुद्धा. सगळं पिशवीत भरून बाईकच्या हँडलला अडकवलं. डब्याचं झाकण सैल होतं हे मला घाटवळणावर कळलं. हेल्मेटच्या आत शिंकून बघा एकदा.

पुढच्या रविवारी ताईने पांढरं वरण आणि पांढरी भाजी वाढली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मीठ तेवढं ठेवलंस. उपकार झाले." आणि स्वतःच्याच बोलण्याने तिचा ओठ पुन्हा हलला...

ठसका! त्या घरात मिरचीचं बीसुद्धा नव्हतं. आतून अण्णा ओरडले, "कोन धुरी करतंय रं?"

ताई ताट घेऊन पडवीत गेली. मी मागे गेलो. म्हटलं, "ताई, हे काय आहे?"

"तुला आत्ता कळलं व्हय?" ती म्हणाली. "मला नांदायला पाठवून परत आनली ना, तवापासनं ह्यो वास येतो. गालात जरा हसू आलं की येतो. आदी मला वाटायचं, भास हाय. मग आईला पन ठसका लागला."

"मग तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? मी हसली की मिरची जळती? येडी म्हनून हितंच कोंडली असती." ताट घासता घासता ती थांबली. "म्हनून मी हसत नाय रं संज्या. अण्णांच्या छातीत कफ हाय. एखाद दिवशी मोठ्यानं हसली नि त्यांचा जीव गेला तर?"

मी त्या पडवीत उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला विनोद सुचला नाही. ही बाई, जिच्या डोक्यावर त्यांनी घोंगडी टाकली, ती त्यांच्या फुफ्फुसांची काळजी करत दिवसेंदिवस विझत चालली होती. मला अण्णांचा इतका राग आला की धडधड सुरू झाली. मी नळाखाली डोकं धरलं आणि घरी निघून आलो.

पुढचा प्रकार माझ्या मूर्खपणामुळे घडला, हे वेगळं सांगायला नको. अण्णांच्या पाठीला जखमा व्हायला लागल्या होत्या, म्हणून मी हवेची गादी मागवली. पंप असलेली, एक कप्पा फुगतो, एक बसतो, तशातली. सूचनांचा कागद बायकांसाठी असतो असं समजून मी फेकला. दुपारची वेळ. शेवंताकाकी ताक घेऊन आली होती, ती बघत बसली. मी आणि ताईने अण्णांना गादीवर ठेवलं, मी बटण दाबलं. गादी एकाच बाजूने फुगायला लागली. अण्णा सावकाश, मोठ्या इतमामाने भिंतीकडे कलले. मी नळी दाबायला गेलो, ती निसटली, आणि गादीने जो काही आवाज काढला... लांब, ओला, सुरात. थांबेचना.

अण्णा भिंतीला नाक लावून गरजले, "कोन पादला रं?"

"अण्णा, गादी!"

"गादी पादती व्हय? मला शिकवतो?"

ताई हसली. आधी नाकातून फुस्स झालं. तिने तोंडावर हात नेला आणि मग — मी बघत होतो — तो हात तिने खाली घेतला. आणि ती हसली. खदखदून. तिचा हसण्याचा आवाज असा भसाडा आहे हे मला माहीतच नव्हतं.

त्या क्षणी घर पेटल्यासारखं झालं. धूर नाही, ज्वाळा नाही, काही दिसत नव्हतं, पण हवाच मिरचीची झाली. काकी ताकाचा तांब्या टाकून पळाली. अण्णांचा श्वास अडकला, चेहरा जांभळा. मी डोळे मिटून त्यांना काखेत धरलं आणि कसाबसा ओढत ओटीवर आणलं. मागे वळून बघितलं तर ताई जमिनीवर बसलेली, शेजारी गादी फुसफुसतेय, आणि ती हसतेय. आम्हा तिघांच्या नाकाडोळ्यातून पाणी. तिचे डोळे कोरडे. एकदासुद्धा खोकली नाही.

"तिला गप कर!" अण्णा धापा टाकत म्हणाले. "संज्या, तिला गप कर!"

मी ओटीच्या खांबाला धरून उभा होतो. गप केलं नाही.

बऱ्याच वेळाने ती दारात आली. केस सुटलेले. अण्णांकडे बघून एकदम शांतपणे म्हणाली, "अण्णा, माजं अजून हसायचं ऱ्हायलंय. तुमी हितं नका थांबू." मग मला म्हणाली, "घेऊन जा त्यांना. आजच."

"आणि तू?"

"मी हाय की. माजं घर हाय."

काकी कुंपणाजवळून म्हणाली, "अगं सुले, बापाला असं घालवत्यात व्हय?"

"तुजं घर मोटं हाय काकी," ताई म्हणाली. "ठेव तू." काकीला लगेच तिचा तांब्या आठवला.

मी गावातला टेंपो बोलावला. अण्णा मागे, गादीसकट. कर्जतपर्यंतच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला गादी बोलली आणि प्रत्येक वेळी अण्णांनी मला शिवी दिली.

आता कमेंटमध्ये धावून येण्याआधी ऐका. अण्णांचा एक्स-रे काढला, छाती साफ. कारखान्यातला सेफ्टीवाला मित्र गॅस मोजायचं यंत्र घेऊन घरभर फिरला, काटा हलला नाही. सगळ्यांना एकदम भास झाला म्हणणाऱ्यांनी शेवंताकाकीला भेटावं, ती शेजारी आली तोवर आम्ही मोठे झालो होतो, तिला आमच्या धुरीबद्दल काही माहीत नव्हतं. भूतबाधा म्हणणाऱ्यांनी सांगावं, भूत कुणाचं? ज्याने धुरी दिली तो तर जिवंत आहे, आणि माझ्याच हॉलमध्ये झोपलाय. डॉक्टरबाईंना मी सगळं सांगितलं, या वेळी विनोद न करता. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि ताईच्या गोळ्या चालू ठेवल्या. ताई काही जादूने बरी झालेली नाही. अजून काही दिवस भिंतीकडे तोंड करून बसते. पण काकी सांगते, कधीमधी मोबाईल बघता बघता आतून तो भसाडा आवाज येतो. वास येतो का, हे बघायला काकी आत जात नाही. माझ्याकडे कसलंही स्पष्टीकरण नाही. शोधायचंही मी सोडलंय.

आमच्याकडे तसलं काही झालेलं नाही. परवा संध्याकाळी मनू तिच्या शाळेतला कुठला तरी जोक सांगत होती आणि सांगण्याआधीच स्वतः लोळून हसत होती. अण्णांनी डाव्या हाताने चादर ओढली आणि नाकातोंडावर घट्ट धरली.

"अहो," रेश्मा म्हणाली, "अण्णांना कसला तरी वास येतोय. खिडकी उघडा ना."

मी नाक वर करून नीट हुंगलं. मला काहीच आलं नाही.

मी मनूला म्हटलं, "परत सांग गं तो जोक. जोरात सांग."