नळीत उरलेलं पेट्रोल

सिल्व्हेरिओ मोन्तासला थांब्यावर सगळे वकील म्हणत. कोर्टाची पायरी तो एकदाच चढला होता, आणि तीही एका म्हातारीला मोटारसायकलवरून उतरवून हाताला धरून नेताना. पण तो बोलायला लागला की समोरच्याला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटू लागे. सवारीने भाड्यावरून वाद घातला तर तो गाडी थांबवत नसे, चालवता चालवता मान मागे वळवून युक्तिवाद करी, आणि सवारी जिवाच्या भीतीने कबूल होई.

आमच्या आसुआ गावात ऊन सगळीकडे सारखंच पडतं. सावली मात्र वाटून घ्यावी लागते. इस्पितळासमोरच्या चौकात एक बदामाचं झाड आहे. त्याच्या अर्ध्या सावलीत मोटारसायकलवाल्यांचा थांबा आणि उरलेल्या अर्ध्यात माझं पंक्चरचं दुकान. दुकान म्हणजे कॉम्प्रेसर, पाण्याचं घमेलं आणि एक खुर्ची. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुड्यांची वाट बघत बसलं की माणसांचं बोलणं आपोआप कानांवर पडतं. वकिलाचं बोलणं तर कॉम्प्रेसर चालू असतानाही ऐकू येई.

दर शुक्रवारी रेडिओवर येत्या आठवड्याचा पेट्रोलचा भाव सांगतात. तो ऐकताना थांब्यावर डॉमिनोच्या सोंगट्या हातात तशाच राहत. भाव वाढला की शिव्या सुरू होत, उतरला की कुणी विश्वास ठेवत नसे. अशाच एका शुक्रवारी वकील बाकावर उभा राहिला.

"आपण भिकारी का आहोत सांगू? एकेकटे जातो म्हणून. पंपावर एकटा गेलेला माणूस भिकारी असतो. सगळे मिळून गेलो तर गिऱ्हाईक होतो."

"आणि सगळे मिळून गेलो तर थांब्यावर कोण राहील?" मेंगोने विचारलं. मेंगो जाडा होता, त्याच्या मागे सवारीला अर्धीच गादी मिळे.

"तू राहा. तू असलास की थांबा भरलेला दिसतो."

बेत साधा होता. आमच्या थांब्याने आणि गावातल्या आणखी दोन थांब्यांनी ठरवायचं, की पेट्रोल भरू ते फक्त गुस्तावोच्या पंपावर. त्याबदल्यात थांब्याचं पिवळं जॅकेट घातलेल्या माणसाला गुस्तावोने गॅलनमागे काही पेसो कमी लावायचे. वकिलाने ईस्टरआधीच्या उपासाचा अख्खा महिना त्यात घालवला. बाकीचे दोन्ही थांबे आमच्या जिवावर उठलेले. सवाऱ्या पळवण्यावरून मागे डोकी फुटलेली. तो त्यांच्या घरी गेला, त्यांच्या बायकांनी केलेली घेवड्याची गोड खीर वाटी वाटी खाल्ली, प्रत्येकीला सांगितलं की अशी खीर माझ्या आईनंतर आजच खातोय, आणि ईस्टरच्या आत सगळ्यांना एका दोरीत ओवलं. हे काम दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. तो गेल्या जन्मी कोण होता कोण जाणे, पण या जन्मी त्याला माणसं जोडण्याचं वेड होतं.

त्या पंपावर पेट्रोल सोडायला नेरेओ होता. सिल्व्हेरिओ आणि तो एका गल्लीत वाढले, एकाच आंब्याला दगड मारून एकाच म्हाताऱ्याच्या शिव्या खाल्ल्या. पुढे वकिलाच्या मुलीच्या, यानीराच्या, बाप्तिस्म्याला नेरेओने तिला पाण्यावर धरलं, आणि पोरीचा बाप आणि धर्मबाप म्हणून ते दोघे कोम्पाद्रे झाले, त्यांच्या बायका कोमाद्रे. त्या दिवसापासून अरे-तुरे बंद. दोघे एकमेकांना अहो-जाहो करू लागले. आमच्याकडे तसंच आहे. सख्ख्या भावाशी भांडता येतं, कोम्पाद्रेशी नाही, म्हणून जिभेला आधीच लगाम घालून ठेवायचा.

नेरेओ फार बोलत नसे. पण मोटारसायकलवाल्याची टाकी भरून झाली, आकडा थांबला, की तो नळी खांद्यावर घेई आणि दोन्ही हातांनी पिळल्यासारखी करत आणी. नळीत उरलेलं पेट्रोल टाकीत टपटपे. हे वरचं. आमच्याकडे पावाला वरचं असतं, केळ्यांच्या फणीला वरचं असतं, मेणबत्त्या घेतल्या तर काडेपेटीतल्या चार काड्या वरच्या असतात. वरचं न देणारा दुकानदार आजारी तरी असतो किंवा परका तरी. गुस्तावोचा बाप पंपावर बसायचा तेव्हा तोच खुर्चीतून ओरडायचा, "नेरेओ, दे रे त्याला वरचं, पोराबाळांचा आहे." कारवाल्यांना मात्र नेरेओ ते देत नसे. "जो काच खाली करत नाही, त्याला वरचं कशाला?" एवढंच एक मोठं वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलंय.

बाप वारला. गुस्तावो राजधानीत शिकून आला आणि त्याने पंपावर काचेची खोली बांधली. थंड हवेची. बोलणी तिथेच झाली. वकील परत आला तो दोन्ही हात वर करूनच.

"झालं! दिली सवलत!"

सगळे भोवती जमले. मग त्याने सगळं पहिल्यापासून वठवून दाखवलं, गुस्तावोचा आवाजही काढला.

"आधी म्हणाला, मला परवडत नाही. मी म्हटलं, परवडत नाही? मालक, तुमचा नेरेओ आम्हाला दर खेपेला नळी पिळून वरचं देतो. वर्षानुवर्षं देतोय. बुडाला का तुमचा पंप? कारवाल्यांना देत नाही, आम्हाला देतो. का? तर आम्ही रोजचे. मग जे तुमचा माणूस करतोय तेच तुम्ही जरा ऐटीत करा!"

"मग?"

"मग काय! पेन फिरवतोय बोटांत. म्हणाला, हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, आता झालं ना ठाऊक!"

थांबा हसला. मेंगो त्याच्या पाठीवर थापा मारत होता. माझ्या हातातली ट्यूब पाण्यात होती आणि तिच्यातून बुडबुडे येत होते, पण भोक कुठे आहे ते मी बघत नव्हतो.

वकिलाच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मी आजही सांगेन. चोरी लपवून करतात आणि वरचं चारचौघांत देतात, एवढा फरक त्याला आईच्या दुधाबरोबर कळलेला. गुस्तावोला तो कळत नसेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. गावातल्या कुणाच्याच आलं नसतं.

आठवडाही गेला नाही. एका दुपारी एस्तेबानिया, नेरेओची बायको, थांब्यावर आली. केसांना रोलर लावलेले तसेच, पायात घरातल्या सपाता.

"कोम्पाद्रे."

"या, कोमाद्रे, बसा. सावलीत या."

"सावली राहू द्या तुम्हाला. त्यांना काढलं. चोर म्हणून काढलं, गाड्या उभ्या असताना, सगळ्यांसमोर. आणि कुणी सांगितलं विचारलं तर म्हणे तुमच्याच वकिलाने."

वकिलाचा चेहरा मी पाहिला. काहीतरी गिळायचं राहून गेल्यासारखा झाला होता.

"मी चांगल्या अर्थाने बोललो हो."

"अर्थ काय, भाताबरोबर वाढू?"

कुणीतरी हसलं. मग हसणाऱ्यालाच लाज वाटली.

"जा आणि गुस्तावोला सांगा," ती म्हणाली, "मी थाप मारली म्हणावं. नेरेओने कधी काही दिलं नाही, भाव पाडायला मीच रचून सांगितलं. थापा मारायला तुम्हाला काही शिकायला जायला नको. आजवर स्वतःसाठी मारल्या, एक त्यांच्यासाठी मारा."

"जातो. आत्ता जातो."

आणि तो खरोखर गेला. त्या वेळी रांगेत त्याचाच नंबर होता, इस्पितळातून एक बाई हात करत होती, पण तो सरळ पंपाकडे गेला. परत आला तेव्हा गाडी हळू आली. आवाज ऐकूनच मी ओळखलं.

गुस्तावोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं. म्हणाला, त्या दिवशी खोटं बोललास की आज बोलतोयस? त्या दिवशी बोलला असशील तर आपला करारच खोट्यावर झाला. नेरेओला उद्या परत घेतो आणि सवलत आजपासून बंद. आज बोलत असशील तर करार राहील आणि नेरेओ जाईल. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. जा, तुझ्या लोकांना विचारून ये.

थांबा गोळा झाला. दुसऱ्या दोन थांब्यांचीही माणसं आली. डॉमिनोचं टेबल बाजूला सारलं.

"नेरेओ चांगला माणूस," मेंगो म्हणाला. "माझ्या बापाच्या मयताला खांदा दिलाय त्याने. पण चांगुलपणावर इंजिन चालतं का?"

"त्याला काम मिळेल रे कुठेही. हातपाय धड आहेत त्याचे."

"आणि आपली सवलत गेली तर परत मिळेल? गुस्तावोच्या तोंडाला रक्त लागलं आता."

प्राक्सेदेस नावाचा एक म्हातारा होता, रविवारी देवळात बाजा वाजवायचा. तो म्हणाला, "त्याने आपल्याला दिलं म्हणून तो चोर ठरला. मग घेणारे आपण कोण?"

"बाबा, प्रवचन रविवारी."

मग मेंगो वळला. "वकील, तू बोल. तुझा कोम्पाद्रे आहे. तू म्हणशील तसं."

आणि तो माणूस, जो पावसावरही अर्धा तास बोलू शकत असे, त्याने खाली बघितलं. त्याच्यामागे उपासाचा तो अख्खा महिना उभा होता, त्या सगळ्या वाट्या, फुटलेली डोकी जोडून बांधलेली ती दोरी. आयुष्यात त्याने उभी केलेली ती एकच गोष्ट. एवढ्या माणसांनी त्याच्यावर कधी एकदम विश्वास टाकला नव्हता, आणि आता ती सगळी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"मी सगळ्यांचा आहे," तो म्हणाला. "तुम्ही ठरवा."

आमच्या थांब्यावर मत हेल्मेटने देतात. हेल्मेट इथे डोक्यावर कमी आणि कोपरावर जास्त असतं, पोलीस दिसला तरच वर चढतं. नेरेओ परत यावा असं ज्याला वाटतं त्याने हेल्मेट जमिनीवर ठेवायचं, असं ठरलं. प्राक्सेदेसने ठेवलं. ठेवताना त्याची कंबर दुखली, तो हळूहळू वाकला. मग कुणीच वाकलं नाही. वकिलाने हेल्मेट कोपरावरून काढलं. दोन्ही हातांत धरलं. मला वाटलं, ठेवतोय. तेवढ्यात टोमॅटोच्या कारखान्यातली एक बाई भल्या मोठ्या पिशव्या घेऊन आली, कुणाचा नंबर म्हणून विचारू लागली. नंबर वकिलाचा होता. त्याने हेल्मेट डोक्यावर घातलं, गळ्याखालचा पट्टाही लावला, आणि तिला घेऊन निघून गेला.

नेरेओ बाव्हारोला गेला, समुद्रकाठच्या हॉटेलांच्या बांधकामावर. जाण्याआधी सायकलमध्ये हवा भरायला माझ्याकडे आला होता. ती सायकल तो विकणार होता. हवा भरेपर्यंत थांब्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "तो आज नाही वाटतं." कोम्पाद्रे म्हणाला नाही, सिल्व्हेरिओ म्हणाला नाही, वकीलसुद्धा नाही. मी म्हटलं, सवारी घेऊन गेलाय. त्याने मान हलवली. मी पैसे घेतले नाहीत, त्याने आग्रहही केला नाही.

सवलत चालू राहिली. पहिले काही दिवस माणसं टाकी भरून येत आणि हसत. मग त्याची सवय झाली. वाचलेल्या पैशांचं काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही. कुणाच्या घरावर नवा पत्रा चढला नाही, कुणाच्या मुलीच्या पायात नवे बूट आले नाहीत. शनिवारी बिअरची एखादी बाटली जास्त उघडत असेल. नळीवर गुस्तावोने एक नवा माणूस ठेवला, तो आकडा थांबला की नळी खुंटीला अडकवतो आणि पुढच्याला हात करतो. वकिलाला तिन्ही थांब्यांचा अध्यक्ष केलं. दुसऱ्या गावचे लोक बेत समजून घ्यायला येत, तो त्यांना समजावून सांगे, पण आता थोडक्यात. काचेच्या खोलीतला प्रसंग तो गाळून टाकी.

नंतरच्या उन्हाळ्यात, भर बाराला, एस्तेबानिया चौकात आली. लोकांचे कपडे ती आता घरी इस्त्री करून द्यायची. डोक्यावर भलं मोठं गाठोडं होतं, पांढऱ्या चादरीत बांधलेलं, आणि तिला कालव्यापलीकडे जायचं होतं. ती मेंगोच्या गाडीशी गेली.

"त्याचा नंबर आहे, वहिनी," मेंगो ओशाळून म्हणाला. "माझा नाही."

नंबर डावलून सवारी घेतली तर आठवडाभर थांब्यावर उभं राहू देत नाहीत. नियम वकिलाच्या आधीपासूनचा.

वकील पुढे आला. जॅकेटच्या बाहीने त्याने मागची गादी पुसली.

"बसा, कोमाद्रे. पैशाचं मनात आणू नका."

तिने गाठोडं डोक्यावर नीट केलं आणि चालू लागली. चौकातून कालव्याचा रस्ता सरळ दिसतो, एकही झाड नाही. वकिलाने गाडी चालू केली आणि तिच्या बाजूने, तिच्या पावलांच्या वेगाने, नेऊ लागला. पहिल्या गिअरमध्ये इंजिन गुरगुरत होतं. पाय जमिनीला टेकत टेकत तो गाडी सावरत होता आणि बोलत होता. काय बोलत होता ते ऐकू येत नव्हतं, पण डावा हात सारखा हलत होता, पूर्वी थांब्यावर बाकावर उभा राहून हलवायचा तसाच. ती एकदाही वळली नाही. वाटेत ती गाठोडं उतरवून थांबली, तेव्हा तोही थांबला. इंजिन त्याने बंद केलं नाही. ती पुन्हा निघाली, तो पुन्हा निघाला. उन्हात दोघे लहान होत गेले, मग नुसता धूर दिसू लागला, मग तोही नाही.

"एवढं पेट्रोल जाळतोय," मेंगो म्हणाला.

बऱ्याच वेळाने तो एकटा परत आला. रांग सोडून गेला होता, म्हणून त्याने गाडी मुकाट्याने शेवटी नेऊन लावली.