घोटीच्या पुढे न जाणारी गाडी

आमची जुनी पांढरी गाडी गावात अगदी गुणी होती. सातपूरहून गंगापूर रोडला, तिथून बाजारात, परत घरी, कुठे म्हणून कुरकुर नाही. पण मुंबईच्या रस्त्याला लागली की घोटीच्या आसपास दोन-चार आचके द्यायची आणि बंद पडायची. जरा वेळ रस्त्याकडेला उभी राहिली की पुन्हा निमूट चालू. मला तर ती शुद्ध नाटकी वाटायची.

त्या वर्षी मात्र थट्टा करायची सोय राहिली नव्हती. ताई कल्याणला दिलेली, पहिलटकरीण, आणि सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी यायची होती. वडिलांनी व्याह्यांना सांगून टाकलं होतं, "माझ्या लेकीला मी माझ्या गाडीतून नेणार."

आईने ऐकलं आणि भडकली. "अहो, कसाऱ्याच्या घाटात बंद पडली तर काय पोटुशी पोर गाडी ढकलणार? व्याह्यांची जीप आहे, ती येऊ दे."

वडिलांनी हातातला घास ताटात परत ठेवला. त्यांना किती लागलं ते मला दिसत होतं, आणि आईचंही चुकत नव्हतं.

वडील सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. आपल्या हातच्या कामात केसाएवढी फट सापडणार नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. त्यामुळे गाडीचं दुखणं सापडत नाही हा त्यांना स्वतःचा अपमान वाटे. गॅरेजवाल्याने कॉइल बदलली, कार्ब्युरेटर खोलून धुतला आणि शेवटी म्हणाला, "साहेब, इंजिन तापलं की आत पेट्रोलची वाफ होते. इंजिनाला पेट्रोल ओढून देणारा पंप आहे ना, त्यावर ओलं फडकं टाकत जा." आम्ही फडकं टाकायचो, वाट बघायचो, गाडी चालू व्हायची. फडक्यावर आमची श्रद्धाच बसली.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी वडील गाडीची परीक्षा घ्यायला निघाले. मीही सोबत गेले. थंडी अशी की काचा लावूनही बोटं आखडली होती. घोटी मागे पडलं आणि गाडीने आचके दिले.

वडिलांनी बॉनेट उघडून पंपावर तळहात ठेवला. "हात सहज ठेवता येतोय. मग वाफ कसली होते?" ते बंपरवर टेकले. "आईला सांग, जीप येऊ दे." त्यांचा असा पडलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता.

भाताची पोती घेऊन एक बैलगाडी चालली होती. गाडीवानाने विचारलं, "पेट्रोल हाय ना पण?"

"आहे हो, कालच भरलंय!" वडील खेकसले. पण आमच्या गाडीचा पेट्रोलचा काटा कधीच मेलेला होता, म्हणून मला म्हणाले, "बघ गं काडी टाकून."

टाकीचं झाकण म्हणजे वडिलांचा दागिना. मूळचं हरवलं तेव्हा त्यांनी लेथवर पितळेचं नवं काढलं होतं, आत जाड रबरी वायसर. पाहुण्यांना ते चहाआधी दाखवलं जाई. मी दोन्ही हातांनी जोर लावून ते फिरवलं आणि टाकीने सूंऽऽ करून हवा आत ओढली.

"बाबा, ही श्वास घेतेय!"

वडील धावत आले. झाकण हातात घेऊन उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "बस गाडीत." गाडी लगेच चालू झाली. त्यांनी झाकण मुद्दाम घट्ट लावून इगतपुरीपर्यंत नेली. तिथे आचके आलेच. झाकण सैल केलं, पुन्हा चालू. तसंच सैल ठेवून आम्ही थेट घरापर्यंत आलो, एकही आचका नाही. पेट्रोल खर्च होईल तशी टाकीत हवा शिरायला वाट हवी होती, आणि वडिलांनी ती इमानेइतबारे बंद केली होती. गावातल्या छोट्या फेऱ्यांत ते जाणवत नसे, आणि रस्त्याकडेला उभं राहिलं की हवा हळूहळू आत झिरपायची, फडक्याचं नुसतं नाव व्हायचं. सगळे जण बॉनेटखाली शोधत होते आणि दुखणं मागच्या बाजूला चकाकत बसलं होतं.

वाटभर वडील एकटेच हसत होते. "माझंच झाकण! काय फिटिंग केलंय बघ!" मलाही इतका आनंद झाला होता की रडू येत होतं.

आईने सगळं ऐकून घेतलं. "कुकरला शिटी कशाला असते, एवढं मला विचारायचं होतंत," म्हणाली. पण जीपचं नाव पुन्हा काढलं नाही. वडिलांनी झाकणाला बारीक भोक पाडलं आणि पाहुण्यांना ते आता भोकासकट दाखवू लागले.

ताईला आणायला वडील आणि मी गेलो. घाट चढताना वडिलांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आवळलेले होते. मी मागे ताईशेजारी बसून इंजिनाचा आवाज ऐकत होते. ताईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती पोटावर हात ठेवून खिडकीबाहेर बघत होती, आणि घाट संपल्यावर माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपून गेली.

गाडी दारात आली तेव्हा आई पाणी आणि ओवाळून टाकायला भाकरतुकडा घेऊन फाटकाशी उभी होती. शेजारणीही जमल्या होत्या. वडिलांचा हात किल्लीकडे गेला. त्यांनी आरशातून मागे पाहिलं.

"बंद केली तर जागी होईल गं," ते हलकेच म्हणाले, आणि किल्लीवरचा हात काढून घेतला.