घरी ठेवलेली मुलं

मंडळी, एम.एड. करणाऱ्या आपणा सहा शिक्षकांच्या या फिरत्या वहीत आज सकाळी कळस गावच्या शाळेत घडलेलं लगेच लिहितो.

आपल्यातल्याच मालतीबाईंच्या प्रबंधासाठी तिथल्या चौथीची वाचनचाचणी होती. मी मदतीला गेलो होतो. मुलं खडाखडा वाचत होती. ही शेवटची शाळा. आता महिनाअखेर प्रबंध विद्यापीठात जाणार, म्हणून बाई खुशीत होत्या.

परतताना विहिरीवर एक मुलगी आईबरोबर धुणं धूत होती. "शाळेत नाही गेलीस?" बाईंनी विचारलं.

आईच म्हणाली, "चौथीतच हाय की. पर गुरुजी म्हणलं, साहेब येणार, कच्च्या पोरांनी घरीच ऱ्हावं. तुमीच का त्या साहेब? लुगड्यातला साहेब पयल्यांदाच बघितला!"

बाई हसल्या, पण तशाच शाळेत परतल्या. हजेरीपट पाहिला. अकरा मुलं घरी होती.

"कोणाला कळणार आहे?" मी म्हणालो.

"वाचता न येणाऱ्या मुलांवरच माझा प्रबंध आहे. ती सोडून काय लिहू? आणि बाकीच्या शाळांतही असंच झालं असेल तर?"

सगळ्या शाळांत पुन्हा चाचणी घ्यायचं त्यांनी तिथंच ठरवलं. पदवी आता वर्षभर लांबणार. गुरुजींना मात्र एक शब्द बोलल्या नाहीत.

त्यांच्याबद्दल फार आदर वाटला. मी मुख्याध्यापक आहे. तपासणीच्या दिवशी कच्ची मुलं मीही घरी ठेवली आहेत. हे त्यांना तोंडावर सांगवलं नाही, म्हणून इथं लिहितो. तुमच्यापैकी कोणी ठेवली होती?